अंथरुणातला पहारा

“...मग मला झोप का येत नाही?”

किल्लेदार भिवराव काटे याने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. पहिल्या दोन वेळा चेतनगीर गोसावी गप्प राहिले होते. तिसऱ्या वेळीही ते पुढ्यातल्या सुपात पावटे सोलत राहिले.

भर दुपार होती. घोणसगडाच्या दरवाजाखाली, माचीवर त्यांचा मठ होता. अंगणात एक जुना उंबर आणि उंबराच्या सावलीत कुत्र्यांचा घोळका पडलेला.

कुत्र्यांच्या पलीकडे एक माणूस बसवला होता. त्याचे हात दोराने पाठीमागे बांधलेले. गोमा त्याचं नाव, गडावरचा पहारेकरी. सूर्य मावळायच्या आत त्याला कड्यावरून लोटायचं होतं. हुकूम भिवरावचा होता.

कड्याची वाट मठावरून जाते. जाता जाता गुरूकडून झोपेचं औषधही घेऊन जावं, असा किल्लेदाराचा विचार. एका हाताने माणूस ढकलायचा आणि दुसऱ्या हाताने अंगारा घ्यायचा. अशा माणसांचा मला संताप येतो. चेतनगिरांना माझ्यापेक्षा जास्त येई. नैवेद्याला मीठ कमी पडलं तर देवालाही दोन शब्द सुनावणारा तो गोसावी.

“महाराज, मी विचारतोय.”

“ऐकतोय मी.”

“भीती वाटते म्हणून झोप लागत नाही. तेवढी भीती काढा माझी.”

“कसली भीती?”

भिवरावने मागे वळून पाहिलं. गोमाच्या दोन्ही बाजूंना दोन शिपाई भाल्यांवर रेलून उभे होते. त्याने आवाज खाली आणला.

“शेजारचा गड फितुरीनं पडला. आतल्याच कुणीतरी दरवाजातली दिंडी उघडून दिली...”

“त्याला पावसाळा उलटून गेला.”

“तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.”

“मुलखात शत्रू आहे?”

“नाही.”

“गडावर कुणी फितूर सापडला?”

“अजून नाही,” भिवराव म्हणाला. “तेच तर. सापडतच नाही.”

गोसाव्यांनी पावट्याची साल सुपाबाहेर भिरकावली. ती किल्लेदाराच्या जोड्यावर पडली. त्यांनी ती मुद्दाम टाकली असं मी म्हणत नाही, पण नेम चांगला होता.

उपाय सगळे करून झाले होते. वैद्याने म्हशीच्या दुधात जायफळ उगाळून दिलं. देवऋषी येऊन उशाशी लिंबू ठेवून गेला. काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळायला एक म्हातारा नोकर ठेवला. तो बिचारा मान खाली घालून पाय चोळी आणि भिवराव उशीवरून मान उचलून त्याच्या कमरेला काय खोचलंय ते बघत बसे. शेवटी नोकराला काढलं. वाटी तेवढी राहिली.

“ही कुत्री ओळखलीस?” गोसाव्यांनी विचारलं.

भिवरावने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

“गडावरची आहेत.”

“इथं कशी आली?”

“मीच हाकलायला लावली. रात्रभर भुंकायची, झोपमोड व्हायची.”

“मग लागली झोप?”

“नाही... गड एकदम गप्प झाला. इतका गप्प की जीव घाबरायला लागला. कुणी दोर लावून वर चढला तर कळायचं कसं?”

“भुंकायला कुत्री नाहीत.”

“हो.”

“मग काय केलंस?”

“मग हाका वाढवल्या.”

गडावर हाकेची रीत होती. रात्री एका बुरुजावरचा पहारेकरी ‘हुश्शाऽर’ म्हणून ओरडे. ते ऐकून पुढच्या बुरुजावरचा ओरडे, मग त्याच्या पुढचा. हाक गडाला फेरी मारून सदरेशी परत यायची. ती परत आली म्हणजे सगळे बुरूज जागे आहेत. भिवरावच्या बापाच्या वेळी अशी हाक पहराला एकदा फिरे. भिवरावने ती घटकेला एकदा केली. एक हाक फिरून येते न येते तोच दुसरी निघे.

वाढवलेल्या हाकांना माणसं वाढवली नव्हती. दिवसा तटाचे दगड बसवायचे, रात्री ओरडायचं. माणसं पेंगत चालू लागली. एका पहाटे कुणाला तरी तटाखाली फौज दिसली. भिवरावलाही दिसली. तोफ डागली. उजाडल्यावर पाहिलं तर निवडुंग होता. निवडुंगाचं काही वाकडं झालं नाही. खालच्या वाडीतल्या एका म्हातारीची म्हैस मात्र दावं तोडून पळाली आणि दरीत पडली.

“हाका वाढवल्यावर लागली झोप?”

“कशी लागेल? प्रत्येक हाक ऐकावी लागते. मधला एखादा बुरूज गाळला गेला की उठून बसतो.”

“तू त्या वेळी कुठं असतोस?”

“कुठं म्हणजे? अंथरुणात.”

“काय करत?”

“हाका मोजत.”

“म्हणजे पहारा करत.”

भिवरावने जोड्यावरची साल झटकली.

“आणि हा?” गोसाव्यांनी गोमाकडे बोट केलं. “ह्यानं काय केलं?”

इथे किल्लेदाराचा चेहरा लाल झाला. आतापर्यंत तो दुखणेकऱ्यासारखा बोलत होता. आता गडाच्या धन्यासारखा बोलू लागला.

“ह्यानं? ह्यानं माझा विश्वासघात केला. पहाटे मी स्वतः बुरुजावर गेलो. हा भाल्याला टेकून उभा. डोळे मिटलेले, तोंड उघडं, घोरत होता. मी म्हटलं, बघू, याची पाळी येते तेव्हा काय करतो. मागच्या बुरुजावरून हाक आली आणि...”

“आणि?”

“ह्यानं हाक दिली. खणखणीत. डोळे न उघडता. हाक दिली आणि पुन्हा घोरायला लागला.”

एक शिपाई हसला असावा. भिवराव गर्रकन वळला. दोघेही शिपाई भाल्यांवर रेललेले, दगडासारखे.

“हसण्यासारखं नाही हे. रात्रभर मी ज्या हाका मोजतो, त्यांतल्या किती अशा झोपेतल्या असतील? गड जागा आहे असं मी समजतो, आणि सगळे बुरूज झोपेत बरळत असतील तर? मी हुकूम काढलाय. पहाऱ्यावर जो झोपेल, तो कुणीही असो, त्याचा त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत कडेलोट.”

“कुणीही असो?”

“कुणीही. माझा सख्खा भाऊ असला तरी.”

“आणि अंथरुणात जो पहारा करेल, त्याला काय?”

“शब्दांत खेळवू नका मला, महाराज.”

“मी खेळतोय होय रे?”

गोसाव्यांनी सूप बाजूला सरकवलं. त्यांचा आवाज चढला नाही. ते चिडले की आवाज उलट खाली जाई, आणि ज्यांना ठाऊक होतं ते तेव्हा तिथून उठून जात.

“सकाळी याची बायको आली होती. त्या दाराच्या उंबऱ्यावर डोकं आपटत होती. म्हणाली, घरी येतो तो भाकरी हातात धरून झोपतो. घास तोंडात तसाच राहतो. पोरं बोट घालून त्याच्या तोंडातला घास काढतात, घशात अडकून मरू नये म्हणून. तू त्याला कड्यावरून टाकायला निघालायस. अरे, तू त्याला कधीच टाकलायस.”

“मी जागा आहे म्हणून गड जागा आहे,” भिवराव म्हणाला. त्यालाही आता राग आवरत नव्हता. “मी गडासाठी मरतोय. झोप नाही, अन्न गोड लागत नाही, आणि शिव्या मलाच.”

“तू जागा आहेस म्हणून गड उभ्या उभ्या झोपलाय.”

“मग मी करू काय? झोपू? भीती असताना झोपू?”

“भीती आधी होती की जाग?”

“भीती.”

“मूठभर होती ती. तू रोज रात्री उठून तिला पाणी घातलंस.”

“मला औषध द्या. नसेल द्यायचं तर तसं सांगा. मी निघतो.”

“नीघ.”

भिवराव ताडकन उठला. शिपायांना म्हणाला, “उठवा त्याला.”

तेव्हा कुठे सगळ्यांचं लक्ष गोमाकडे गेलं. गोमा झोपला होता.

हात पाठीमागे बांधलेले, मान छातीवर पडलेली, आणि एका कुत्र्याच्या अंगाला टेकून तो चांगला घोरत होता. ज्याला संध्याकाळी मरायचं आहे तो घोरत होता. भिवरावने ते पाहिलं. मला वाटतं, आयुष्यात त्याला कुणाचा इतका हेवा वाटला नसेल आणि कुणाचा इतका रागही आला नसेल.

“मरणाच्या दारात झोप येते याला. निर्लज्ज. लाथ घाला.”

“घालून बघा,” गोसावी म्हणाले.

शिपायांचे पाय जागच्या जागी थबकले.

त्या मठाचा एक नेम होता आणि पंचक्रोशीत तो सगळ्यांना ठाऊक होता. मठाच्या अंगणात झोपलेल्याला कुणी हात लावून उठवायचं नाही, हाक मारूनही नाही. मठाचा मूळ पुरुष उंबराखाली बसल्या बसल्या समाधीत गेला, तेव्हा एका शिष्याने तो पेंगतोय असं समजून त्याला हलवून समाधी मोडली होती, असं सांगतात. तेव्हापासून हा नेम. झोपलेला आपण होऊन उठेल तेव्हा उठेल. भिवरावच्या बापाने तो पाळला होता. भिवरावने स्वतः याच अंगणात कान फुंकून दीक्षा घेतली होती, तेव्हा त्यानेही तो पाळायची शपथ घेतली होती.

किल्लेदार दात-ओठ खात उभा राहिला.

“सूर्य मावळायच्या आत उठला नाही तर?”

“तर तुझा हुकूम तू जाण.”

“मी थांबतो. उठेल. उठवत नाही मी, पण हलतही नाही इथून.”

“शिपाई आहेत की राखायला. तू गडावर जा. पड जरा.”

“शिपाई? यांच्या भरवशावर? मी वळलो की दोर सोडतील याचा. एकाच आळीतले आहेत तिघं. ...नाही. मी स्वतः बसतो.”

“म्हणजे पहाऱ्यावर तू?”

“मी.”

“बघ हं.”

“बघायचं काय त्यात? मी आहे पहाऱ्यावर.”

गोसाव्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

भिवराव गोमासमोर उंबराच्या मुळावर बसला. तलवार म्यानातून काढून मांडीवर आडवी ठेवली. शिपायांना त्याने दूर, भिंतीपाशी बसायला सांगितलं. बसल्या बसल्या त्यांच्या माना कलल्या. भिवरावच्या ते लक्षात आलं नाही. त्याचे डोळे गोमावर होते.

एक लंगडी तांबडी कुत्री उठून त्याच्यापाशी आली. तिने त्याचा पाय हुंगला. गडावर असताना सदरेच्या पायरीवर बसायची ती हीच. भिवरावने पाय मागे घेतला. ती पुढे सरकली. त्याने पुन्हा पाय मागे घेतला, ती पुन्हा पुढे सरकली आणि त्याच्या पावलावर हनुवटी ठेवून पडली. मग त्याने पाय तसाच राहू दिला.

गोमा घोरत होता. एकदा घोरला की मध्ये थोडा वेळ काहीच नसे, मग पुन्हा घोरे. भिवरावला वाट बघायची सवय. एक घोरणं झालं की तो पुढच्याची वाट बघू लागला. पुढचं यायचं. बिनचूक यायचं. त्यात फितुरी नव्हती.

वारा पडला होता. सुपात पावटे पडत होते.

मग वाटेवरून कुणाचातरी शेळ्यांचा कळप वर चढू लागला आणि सगळी कुत्री एकदम उठून भुंकायला लागली. उंबरावरचे पक्षी उडाले.

भिवराव हलला नाही.

गोमा मात्र जागा झाला. त्याने मान उचलली, समोर मठ पाहिला, उतरतं ऊन पाहिलं, आणि आपण कुठे निघालो होतो ते त्याला आठवलं. भीती त्यालाही होती. त्याच्या चेहऱ्यावर ती स्पष्ट दिसत होती, ओठ पांढरे पडले होते.

“चला म्हाराज,” तो म्हणाला. “म्या तयार हाय.”

“हळू बोल,” गोसावी म्हणाले. “किल्लेदार झोपलाय. या अंगणात झोपलेल्याला उठवत नाहीत.”

गोमाने पाहिलं. भिवरावची मान मागे उंबराला टेकली होती. तोंड उघडं होतं. हनुवटीवरून लाळ ओघळली होती. तलवार मांडीवरून घसरून मातीत पडली होती. भिंतीपाशी दोन्ही शिपाई एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून पडले होते.

चेतनगीर उठले. विळ्याने त्यांनी गोमाच्या हातांचा दोर कापला. पुढे वाट मोकळी होती. खाली वाडी, वाडीपलीकडे रान. गोमाने मनगटं चोळली. त्याने वाटेकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग पुन्हा भिवरावकडे पाहिलं.

“पर मग,” तो म्हणाला, “पहाऱ्यावर कोन हाय?”

गोसावी त्याच्याकडे बघत राहिले.

गोमाने एका शिपायाजवळचा भाला अलगद उचलला आणि अंगणाच्या टोकाला, वाटेकडे तोंड करून उभा राहिला...

भिवराव उठला तेव्हा ऊन उंबरापलीकडे गेलं होतं. क्षणभर त्याला आपण कोण, कुठे, काही आठवेना. त्या क्षणी त्याला कशाचीच भीती वाटत नव्हती. किती महिन्यांनी, ते त्याला सांगता आलं नसतं.

मग त्याला कापलेला दोर दिसला.

त्याचा हात तलवारीकडे गेला. तलवार मांडीवर नव्हती. ती मातीत होती आणि तांबडी कुत्री तिच्यावर पोट टेकून झोपली होती. त्याने मान वर केली. अंगणाच्या टोकाला हातात भाला घेऊन गोमा उभा होता. ज्याला आज मारायचं होतं तो मोकळा होता, त्याच्या हातात हत्यार होतं, आणि आपण इतका वेळ त्याच्यासमोर गळा उघडा टाकून पडलो होतो.

पण गोमाची त्याच्याकडे पाठ होती.

हालचाल ऐकून गोमा वळला. सवयीने त्याने भाला सरळ केला, मान लववली.

“सरकार,” तो म्हणाला, “कुनी आलं न्हाई.”

भिवरावने भिंतीपाशी झोपलेल्या शिपायांकडे पाहिलं. मग त्याला आपली ओली हनुवटी जाणवली. ती त्याने हाताने पुसली आणि तो हात बघत राहिला.

“महाराज... मी...”

चेतनगीर त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात तो कापलेला दोर होता. राग अजून उतरलेला नव्हता. आवाज अगदी खाली होता.

“सूर्य मावळायला अजून अवकाश आहे, भिवा,” ते म्हणाले. “कड्यावर किती जणांना न्यायचं, ते सांग.”